खेळ खेळणारी मुले, खेळ घडवणारी मुले

अमेरिकेतील अनेक माध्यमिक शाळांत व्हिडिओ गेम तयार करायला शिकवतात आणि त्याबरोबर नोकरीच्या बाजारात दाखवता येईल असे प्रमाणपत्रही मिळवून देतात. आता आपल्याकडेही हजारो शाळांत अशा प्रयोगशाळा उघडण्याची घोषणा झाली आहे. पालकांनी तिचे स्वागत करावे की धास्ती घ्यावी?

‘‘किती वेळ तो मोबाईल? परीक्षा तोंडावर आली आहे, कळतंय का?’’ हे वाक्य जिथे कानी पडत नाही असे घर आज शोधूनच काढावे लागेल. अशा घरातला नववीतला मुलगा किंवा मुलगी एके दिवशी शाळेतून येऊन म्हणते, ‘‘आई, शाळेत गेम बनवायला शिकवणार आहेत. मी तो विषय घेऊ?’’ आईवडील एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागतात. ज्या गोष्टीपासून मुलाला दूर ठेवण्यासाठी एवढी धडपड केली, तीच आता वेळापत्रकात येणार?

हा प्रश्न आता काल्पनिक राहिलेला नाही. फेब्रुवारी २०२६ मध्ये मांडलेल्या केंद्रीय अर्थसंकल्पात १५,००० माध्यमिक शाळा आणि ५०० महाविद्यालयांत अॅनिमेशन, व्हिज्युअल इफेक्ट्स, गेमिंग आणि कॉमिक्स यांच्या प्रयोगशाळा उभारण्याची घोषणा झाली. हे काम २०२५ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजीज या संस्थेच्या मदतीने व्हायचे आहे. या क्षेत्राला २०३० पर्यंत २० लाख व्यावसायिक लागतील, असा अंदाजही त्या भाषणात मांडला गेला.

घोषणा मोठी आहे. पण असा प्रयोग जगात पहिल्यांदाच होतो आहे असे नाही. अमेरिकेने ही वाट आपल्या आधी चालून पाहिली आहे. त्या वाटेवर काय मिळाले आणि ठेच कुठे लागली, हे समजून घेतले तर आपल्याला निर्णय घेणे सोपे जाईल.

अपूर्णांकांपासून सुरुवात

१९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात बोस्टनमधील एका प्राथमिक शाळेत एमआयटी या विख्यात संस्थेच्या संशोधकांनी एक उपक्रम चालवला होता. त्यातील इडिट हॅरेल यांनी चौथीच्या मुलांना अपूर्णांक शिकवण्याऐवजी एक उलटेच काम दिले. आपल्यापेक्षा लहान मुलांना अपूर्णांक समजावेत यासाठी संगणकावर एक कार्यक्रम तयार करा, असे त्यांनी मुलांना सांगितले. काही महिन्यांनी चाचणी घेतली, तेव्हा नेहमीच्या पद्धतीने शिकलेल्या वर्गांपेक्षा या मुलांना अपूर्णांक अधिक चांगले कळलेले दिसले. कारण साधे आहे. दुसऱ्याला शिकवायचे तर आधी आपल्या डोक्यात स्वच्छ प्रकाश पडावा लागतो. हे प्रत्येक शिक्षकाला अनुभवाने माहीत असते.

याच धाग्यावर यास्मिन काफाई यांनी पुढचे पाऊल टाकले. त्यांनी मुलांकडून अपूर्णांकांवरचे खेळच तयार करून घेतले. १९९५ मध्ये त्यांचे या विषयावरचे पुस्तक आले. त्यांना एक गमतीची गोष्ट आढळली. मुलांचे खेळ बहुधा साहस, शत्रू आणि लढाई यांभोवती फिरत, तर मुलींनी ओळखीच्या, रोजच्या आयुष्यातल्या जागा निवडल्या. म्हणजे मुलींना व्हिडिओ गेम आवडत नाहीत, हा समज पुरता खरा नव्हता. दुसऱ्याने बनवलेल्या खेळांत त्यांच्या आवडीचे फारसे काही नव्हते, एवढेच.

पुढे २००७ मध्ये वेस्ट व्हर्जिनिया या कोळशाच्या खाणींसाठी प्रसिद्ध असलेल्या राज्यात हॅरेल यांच्याच पुढाकाराने ‘ग्लोबालोरिया’ हा उपक्रम सुरू झाला. खाणींवर पोसलेल्या गावांतली मुले शाळेच्या तासाला विज्ञान, आरोग्य, समाजजीवन अशा विषयांवर खेळ तयार करू लागली. खाणकामापलीकडचेही काही आपल्या हाताला जमू शकते, हा विश्वास या मुलांना देणे हा त्यामागचा हेतू होता.

या तासाला चालते तरी काय?

गेमचा तास म्हटले की मुले रांगेत बसून बटणे दाबत आहेत, असे चित्र डोळ्यांपुढे येते. प्रत्यक्षात चांगल्या वर्गात पहिले काही दिवस संगणक सुरूही होत नाही. मुले पुठ्ठा, कागद, फासे आणि सोंगट्या घेऊन बसतात. खेळाचे ध्येय काय, नियम कोणते, हरल्यावर काय होते, जिंकणे फार सोपे झाले तर मजा का जाते, या प्रश्नांवर त्यांचा काथ्याकूट चालतो.

यासाठी आपल्या सापशिडीसारखे उत्तम उदाहरण नाही. तिचे जुने रूप म्हणजे मोक्षपट. परंपरा त्याचा संबंध थेट संत ज्ञानेश्वरांशी जोडते. शिडी म्हणजे सद्गुण, साप म्हणजे दुर्गुण आणि शेवटचे घर म्हणजे मोक्ष. खेळातून शिकवण देण्याची कल्पना आपल्या मातीत किती जुनी आहे, हे यावरून दिसते. पण सापशिडीत एक उणीवही आहे. खेळणाऱ्याला स्वतः काहीच ठरवता येत नाही, सारे फाशाच्या हाती असते. ‘एका फाशाऐवजी दोन टाका आणि त्यातला कोणता चालायचा ते खेळाडूला ठरवू द्या’ एवढा एकच नियम बदलला की लगेच डोके चालवावे लागते. एका बदलाने सारा खेळ पालटतो. हे ज्याला कळले, त्याने खेळरचनेचा पहिला धडा गिरवला.

मग गणित येते. दोन फाशांची बेरीज ७ येण्याचे ३६ पैकी ६ मार्ग आहेत, तर २ येण्याचा एकच. संभाव्यतेचे हे प्रकरण पुस्तकात रुक्ष वाटते. पण ‘माझ्या खेळात सगळे सारखे ७ वरच का येऊन पडतात?’ असा प्रश्न पडल्यावर तेच प्रकरण मूल आपणहून उघडते. पडद्यावरची आकृती उडी मारून खाली यायची असेल, तर गुरुत्वाकर्षण समजून घ्यावे लागते. ती कोणत्या जागी आहे हे संगणकाला सांगायचे, तर आलेखकागदावरचे क्ष आणि य अक्ष कामी येतात.

त्यानंतर कोड लिहिणे, चित्रे काढणे, आवाज भरणे आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे दुसऱ्याला खेळायला देणे. खेळणारा कुठे अडतो, कुठे कंटाळतो, हे बनवणाऱ्याने गप्प बसून पाहायचे आणि वहीत टिपायचे. ‘तुला खेळताच येत नाही’ असे म्हणायची सोय नाही. चूक खेळणाऱ्याची नसून रचनेची आहे, हे मान्य करायला चौदा-पंधरा वर्षांच्या वयात शिकणे ही काही लहान गोष्ट नव्हे. चार जणांच्या गटात काम करायचे, ठरल्या दिवशी ते पुरे करायचे आणि टीका ऐकून घ्यायची. गेमच्या धंद्यात न गेलेल्या मुलालाही हे गुण आयुष्यभर पुरतात.

प्रमाणपत्राची जोड कशी आली?

अमेरिकेत शाळेतून धंदेशिक्षण देण्यासाठी केंद्र सरकारने पैसा देण्याची पद्धत जुनी आहे. १९१७ मध्ये त्यासाठी पहिला कायदा झाला. त्यात शेती, कारागिरी आणि गृहविज्ञान यांवर भर होता. १९८४ च्या कायद्याला कार्ल पर्किन्स या लोकप्रतिनिधीचे नाव मिळाले आणि २०१८ मध्ये त्याचे नवे रूप मंजूर झाले. मात्र तिथेही बरीच वर्षे आपल्यासारखीच स्थिती होती. ‘अभ्यासात हुशार असेल तो कॉलेजात जाईल, उरलेला धंदेशिक्षण घेईल’ अशी लोकांची धारणा होती.

हा शिक्का पुसण्यासाठी दोन गोष्टी केल्या गेल्या. जुन्या सुतारकाम-लोहारकामाच्या जोडीला संगणक, आरोग्यसेवा, डिझाइन, गेमनिर्मिती असे नवे विषय आणले गेले. आणि शाळेच्या गुणांपलीकडे, उद्योगाने मानलेले प्रमाणपत्र मुलाच्या हाती पडेल अशी सोय झाली. उदाहरणार्थ, गेम बनवण्यासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या ‘युनिटी’ या सॉफ्टवेअरची एक प्राथमिक पातळीची परीक्षा शाळकरी विद्यार्थ्यांना देता येते. साधारण १५० तासांचे शिक्षण व सराव झालेल्या विद्यार्थ्यासाठी ती आखलेली आहे. चित्रकलेकडे कल असलेल्यांसाठी अॅडोबी आणि ऑटोडेस्क या कंपन्यांच्या सॉफ्टवेअरच्या परीक्षा आहेत.

फ्लोरिडा राज्य याबाबत सर्वांत पुढे गेले. २००७ मध्ये तिथे एक कायदा झाला. त्यानुसार विद्यार्थ्याने मान्यताप्राप्त प्रमाणपत्र मिळवले की शाळेला जादा निधी मिळतो आणि शिकवणाऱ्या शिक्षकालाही दर विद्यार्थ्यामागे बक्षिसी मिळते. काही प्रमाणपत्रांना पुढे महाविद्यालयात श्रेयांकही मिळतात. म्हणजे विद्यार्थी, शिक्षक आणि शाळा या तिघांनाही प्रमाणपत्रात रस वाटेल अशी ही रचना होती.

प्रमाणपत्रांचा महापूर

पण जिथे प्रमाणपत्रामागे पैसा आला, तिथे प्रमाणपत्रे मोजण्याची स्पर्धाही आली. २०१९ मध्ये अमेरिकेत ‘क्रेडेन्शियल्स मॅटर’ नावाचा अहवाल प्रसिद्ध झाला. विद्यार्थी शाळेत कोणती प्रमाणपत्रे मिळवतात आणि नोकरी देणारे जाहिरातींत कोणती मागतात, याचा मेळ त्यात घालून पाहिला होता. निष्कर्ष डोळ्यांत अंजन घालणारा होता. मुलांनी मिळवलेल्या प्रमाणपत्रांपैकी पाचवा हिस्सासुद्धा नोकरी देणाऱ्यांनी मागितलेला नव्हता. जी परीक्षा घ्यायला सोपी, तीच जास्त घेतली जात होती.

हे आपल्याला अनोळखी नाही. मराठी ३०, इंग्रजी ४० अशा टायपिंगच्या परीक्षा देऊन मिळवलेली प्रमाणपत्रे कित्येक घरांत आजही फायलीत जपून ठेवलेली असतील. त्यांनी अनेकांना कारकुनाची नोकरी मिळवून दिली, हे खरे. पण टाइपरायटर गेले आणि त्या कागदांची किंमतही गेली. राहिली ती बोटांची सवय आणि भाषेची शुद्धता. पुढे एमएस-सीआयटीच्या वेळीही विषय समजून घेणारे आणि नुसता कागद पदरात पाडून घेणारे, अशी दोन्ही प्रकारची माणसे दिसली.

गेमच्या क्षेत्रात तर हे चक्र फारच वेगाने फिरते. वेस्ट व्हर्जिनियातली मुले ज्या ‘फ्लॅश’ या सॉफ्टवेअरवर शिकली, त्याला दिलेला आधार अॅडोबीने ३१ डिसेंबर २०२० रोजी काढून घेतला आणि फ्लॅशवर बनवलेले खेळ ब्राउझरमधून दिसेनासे झाले. युनिटीने २०२३ मध्ये खेळ जितक्या वेळा डाउनलोड होऊन बसवला जाईल त्यानुसार निर्मात्यांकडून शुल्क घेण्याची घोषणा केली. तेव्हा जगभर असंतोष उसळला आणि अनेक निर्माते ‘गोडो’सारख्या मोफत, मुक्त सॉफ्टवेअरकडे वळले. २०२४ मध्ये कंपनीला ते शुल्क रद्द करावे लागले. एकाच कंपनीच्या हत्यारावर सारे शिक्षण उभे केले तर काय होऊ शकते, याचा हा धडा आहे. हत्यार बदलते. नियम कसे रचावेत, चूक कशी शोधावी आणि दुसऱ्याच्या डोळ्यांनी आपले काम कसे पाहावे, हे मात्र टिकते.

नोकरीचे काय?

पालकांचा खरा प्रश्न हाच असतो आणि त्यात गैर काहीच नाही. या क्षेत्रात काम आहे, पण पैशांचे झाड नाही, हे मुलाला आधीच सांगायला हवे. जानेवारी २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपल्या गेमिंग विभागातून १,९०० कर्मचाऱ्यांना कमी केले. चित्रे काढणे, कोड लिहिणे यांसारखी सुरुवातीची कामे आता कृत्रिम बुद्धिमत्ताही करू लागली आहे. तेव्हा केवळ एक सॉफ्टवेअर चालवता येणाऱ्याची जागा डळमळीतच राहणार.

दुसरी बाजूही पाहू. पुण्यातील ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या छोट्या चमूने बनवलेला ‘राजी’ हा खेळ २०२० मध्ये प्रसिद्ध झाला आणि देशाबाहेरही वाखाणला गेला. राक्षसांनी पळवलेल्या भावाला सोडवायला निघालेल्या मुलीची ती कथा आहे. तिच्यात राजस्थानी वास्तुकला, पहाडी चित्रशैली आणि छायाबाहुल्यांचा उपयोग केलेला आहे. अशा कामाला कोड लिहिणाऱ्याइतकीच कथा सांगणाऱ्याची, चित्रकाराची आणि संगीतकाराची गरज लागते. ज्याला गणित नकोसे वाटते पण चित्र उत्तम येते, अशा मुलालाही इथे जागा आहे.

आणखी एक गैरसमज दूर व्हायला हवा. गेम म्हटले की पैसे लावून खेळायचे अॅप, असे अनेकांना वाटते. त्या खेळांनी अनेक कुटुंबांची धूळधाण केली, हे नाकारता येणार नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. त्याच कायद्यात ई-स्पोर्ट्स आणि शैक्षणिक खेळांना उत्तेजन देण्याची तरतूद आहे. जुगार आणि खेळ यांतली रेषा आता कायद्यानेच आखली आहे.

खरे तर खेळाच्या विळख्यातून सुटण्याची एक वाट खेळ बनवण्यातूनच जाते. बक्षीस केव्हा मिळेल याचा नेम नसला की माणूस पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहतो, हे बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञाने प्राण्यांवरील प्रयोगांतून दाखवून दिले होते. आजचे अनेक खेळ याच तत्त्वावर मुलांना तासन्तास बांधून ठेवतात. एकदा अशी युक्ती स्वतः रचून पाहिली की ‘आपल्याला कोण आणि कसे अडकवते आहे’ हे मुलाला आतून दिसू लागते. शंभर वेळा रागावून जे साधत नाही, ते कदाचित यातून साधेल.

आपल्याकडची अडचण

प्रयोगशाळा उघडणे सोपे, चालवणे कठीण. केंद्राच्या शालेय पाहणीनुसार २०२४-२५ मध्ये देशातील ६४.७ टक्के शाळांत संगणकाची सोय होती आणि ६३.५ टक्के शाळांत इंटरनेट. म्हणजे सुमारे तिसरा हिस्सा शाळा अजून उंबरठ्याबाहेरच आहेत. जिथे सोय आहे, तिथेही हा विषय कोण शिकवणार? हा खरा कळीचा मुद्दा आहे. आधीच शाळाबाह्य कामांनी वाकलेल्या शिक्षकाला चार दिवसांचे प्रशिक्षण देऊन हा तास त्याच्या गळ्यात मारला, तर तो पुस्तकातल्या व्याख्या लिहून देण्यापलीकडे काय करणार?

दुसरी अडचण मनोवृत्तीची आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावीपासून व्यवसायशिक्षणाची ओळख करून द्यावी असे म्हटले. सीबीएसईने कौशल्य विषय आणले. दहावीला सहावा विषय म्हणून कौशल्य विषय घेतलेला विद्यार्थी गणित, विज्ञान किंवा सामाजिक शास्त्र यांपैकी एका विषयात नापास झाला, तर त्या जागी कौशल्य विषयाचे गुण धरण्याची सवलतही दिली गेली. सवलत चांगल्या हेतूची होती. पण त्यामुळे ‘नापास होऊ नये म्हणून घ्यायचा विषय’ अशी त्याची ओळख होण्याचा धोका आहे. आपल्याकडच्या किमान कौशल्याच्या अभ्यासक्रमांनाही हाच अनुभव आला. ज्याला दुसरीकडे प्रवेश मिळाला नाही तो तिकडे, असे लोक बोलत राहिले आणि चांगली कल्पना दुय्यम ठरली.

पालकांनी काय विचारावे?

शाळेत हा विषय आला, तर हुरळूनही जाऊ नये आणि नाकही मुरडू नये. मुख्याध्यापकांना भेटून काही साधे प्रश्न विचारावेत. शिकवणाऱ्या शिक्षकाने स्वतः एखादा लहानसा खेळ तरी पुरा केला आहे का? आठवड्यातून किती तास मुलाचे हात संगणकावर असतील? वर्षअखेरीस मुलाच्या हाती पुरा झालेला खेळ असेल की केवळ गुण? मुलींना तितक्याच संख्येने या वर्गात बसवले जाईल का?

प्रमाणपत्राबाबतही चौकस राहावे. ते कोण देते, किती वर्षे चालते, त्याची फी कोण भरणार आणि पुढच्या शिक्षणात त्याचे श्रेयांक धरले जातात का, हे लेखी विचारून घ्यावे. या विषयाची हवा निर्माण झाली की गल्लोगल्ली क्लास निघतील आणि ‘शंभर टक्के नोकरी’ची पाटी लावून हजारो रुपये मागतील. नववी-दहावीच्या मुलासाठी एवढा खर्च करण्याचे कारण नाही. सुरुवातीला लागणारी साधने मोफत मिळतात आणि पुठ्ठ्याची सापशिडी तर घरीच बनते.

आणि मुलाने काही बनवून आणले, तर एक गोष्ट आवर्जून करावी. दहा मिनिटे त्याच्याजवळ बसून तो खेळ खेळावा. कुठे कळले नाही, कुठे कंटाळा आला, ते खरेखुरे सांगावे. उगाच वाहवा नको आणि टिंगलही नको. उद्या मुलाखतीला बसलेला माणूस प्रमाणपत्रावर नजर टाकून ‘तू काय बनवलेस?’ असेच विचारणार आहे. त्या प्रश्नाचे उत्तर मुलाला आजपासून तयार करता येईल.